दोन बोटांची थाप

धुळ्याच्या त्या मंगल कार्यालयात
आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता
मॅटच्या सांध्यांत अडकून राहिल्या होत्या.
रात्री आईनं माझ्या पाठीवरून सात दाणे वेचले,
म्हणाली, जिंकलीस, पण लागलं तर नाही ना कुठं?
नाही म्हणाले. मला नव्हतंच लागलं.

शिरपूरची रेमली पावरा. दुसरा राउंड.
तिचा डावा हात माझ्या मांड्यांमध्ये,
मनगट छातीशी, अंगठा वर,
आणि मग फक्त कंबर उचलायची.
केळीचा घड उचलतात तशी, पाठीनं नव्हे.
सावद्याच्या बागांत ते मला
चौदाव्या वर्षीच येत होतं,
आर्मबार हे नाव तेवढं तडवी सरांनी दिलं.

तिचा उजवा हात माझ्या पोटरीखाली दबलेला.
तिथून तिनं थाप मारली.
दोन बोटांनी, दोनदा.
पंच माझ्या डोक्याकडच्या बाजूला गुडघ्यावर,
लोक ओरडत होते, कूलर घरघरत होता,
ऐकू आलं ते फक्त माझ्या पोटरीला.

मी धरून ठेवलं.
व्हिडिओ लावून मोजलंय नंतर, तीन सेकंद.
मग आवाज झाला,
हिरव्या पानाची दांडी मोडते तसा,
ओला, आतल्या आत.

पाच हजार, एक कप, एक मिक्सर.
भुसावळला टायरच्या दुकानामागं, आमच्या जिममध्ये पेढे.
सगळे म्हणाले, हट्टी पोरगी,
हात मोडेस्तोवर थाप मारत नाही म्हणजे काय!
रेमली काहीच म्हणाली नाही.
तिला कुणी विचारलंही नसेल.

त्यानंतर माझी पकड सुटायला लागली.
गिलोटीन, ट्रँगल, मागून घातलेला चोक,
पुरतं बसायच्या आत हात ढिले.
सर ओरडायचे, अगं, थाप म्हणजे थाप!
धाप लागली म्हणजे थाप नाही,
डोळे मिटले म्हणजे थाप नाही!
मी मान हलवायचे
आणि पुढच्या वेळी पुन्हा सोडायचे.

सव्वा वर्षानं रीमॅच ठरली. तिनंच मागितली.
जळगाव, मे महिना, पत्र्याचा हॉल,
दुपारभर टँकरनं छत भिजवलेलं.
पोस्टरवर कुणीतरी छापलं होतं, बदला.
मी ठरवून आले होते,
तिनं धरलं तर थापटायचं नाही.
मोडू दे. फिटेल.
असं ठरवताना मला
आपण फार मोठे झालो असं वाटलं होतं.

तिसऱ्या राउंडला तिनं धरलं.
माझाही डावाच.
कोपर ताणलं
आणि माझं सगळं ठरवणं
चप्पल न घालताच पळालं.
दोन बोटं आपोआप तिच्या पोटरीवर गेली.

तिनं सोडलं.
दुसऱ्यांदा बोटं टेकायच्या आत.

पंचानं पाहिलंच नव्हतं.
हात निसटला असं वाटलं त्याला,
चालू द्या, म्हणाला.
तडवी सर जाळीला लोंबकळून ओरडले,
सुटलीस! वर जा, वर जा तिच्या!
रेमली उठली नाही. हात वर घेतले नाहीत.
मॅटवर बसून राहिली, माझ्याकडं बघत.

सर, मी थापटलं, मी म्हणाले.
पंच म्हणाला, काय?
परत म्हणाले,
कूलरच्या वर आवाज काढून.

त्यानं तिचा हात उंचावायला घेतला, नेमका डावा.
तो सरळ होत नाही.
भरला पेला धरावा तसा कोपरात वाकलेलाच राहिला,
आणि लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या.

पायऱ्या उतरताना ती हळूच म्हणाली,
तव्हय बी ऐकू उनं व्हतं ना तुले?
हो, म्हणाले.
माले माहीत व्हतं, एवढंच बोलली,
आणि पाण्याची बाटली माझ्यापुढं केली,
उघडून दे म्हणून.
माझाही हात थरथरत होता.
झाकण घट्ट होतं.